हॅनाचं माहेर

रिया, अर्णव,

गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात तुमच्या शेजारच्या इंदूआजीवर चार ओळी छापून आल्या. ‘कै. मधुकरराव खानझोडे यांच्या पत्नी आणि नेपरव्हिलचे श्री. निखिल यांच्या मातोश्री श्रीमती इंदूताई यांचे नागपूर येथे बंधूंच्या प्रेमळ छायेत निधन झाले. त्या शांत, सोशिक आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.’

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग पत्रकाच्या संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “काकू, असंच लिहितात हो. आमच्याकडे टेम्प्लेट आहे, त्यात फक्त नाव बदलतो.”

इंदूताई शांत नव्हती. सोशिक तर मुळीच नव्हती. बंधूंची छाया प्रेमळ नव्हती. नागपूरच्या त्या घरात शेवटपर्यंत तिची चूल वेगळी होती आणि बंधू तिच्याशी बोलत नव्हते. ती नागपूरच्या कोर्टात उभी हयात वकिली करत होती, हे पत्रकात नाही. ती कोणाची मुलगी होती, हेही नाही. ‘यांच्या पत्नी’ आणि ‘यांच्या मातोश्री’ यांच्या मधली आख्खी बाई गाळून टाकली आहे. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत सनीव्हेलहून माझ्याकडे आलात की तिच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खायचात आणि तिला ‘द अँग्री आजी’ म्हणायचात. पत्रकापेक्षा तुमचं वर्णन जास्त अचूक आहे. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते. भराभर वाचू नका.

ती ठेंगणी होती, पण उभी राहिली की ठेंगणी वाटत नसे. सुती साडी, त्यावर निखिलचा कॉलेजातला जुना कोट, पायांत पांढरे बूट. राग आला की ती उठून उभी राहायची. कोर्टातली सवय. जेवताना उठायची, डॉक्टरांच्या खोलीत उठायची, एकदा माझ्या गाडीत सीटबेल्ट लावलेला असतानाही उठायला गेली. बर्फ पडून कुठे जायचं रद्द झालं की खिडकीपाशी उभी राहून म्हणायची, “झालं, आज पुन्हा पुढची तारीख देऊन राहिले हे.” औषधाच्या दुकानात फोन केला की पलीकडून यंत्र बोलायचं, त्या यंत्राचीही ती उलटतपासणी घ्यायची. “बाई, मी एक प्रश्न विचारला. तू मला मेनू काऊन वाचून दाखवून राहिली?”

तिची एक गोष्ट मात्र मला फार आवडे. कितीही संतापली तरी ती पुरावा आणि संताप एकमेकांत मिसळू देत नसे. काही सांगायला लागली की मध्येच थांबायची आणि बोट वर करायची. “हे सिद्ध झालेलं.” मग दुसरं बोट. “आणि हे माझं डोकं फिरलेलं.” इतका प्रामाणिक राग मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

वकिली सोडून ती निखिलकडे राहायला आली होती. तो आणि त्याची बायको एमिली दोघंही दिवसभर कामावर, आणि इंदूताईला गाडी येत नव्हती. मी दोन घरं सोडून. त्यामुळे मी गाडी चालवायची आणि तिने रागवायचं, अशी आमची वाटणी झाली.

एका हिवाळ्यात तिला नागपूरहून एक कागद आला. वडिलांचं धंतोलीतलं घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे कायद्याने बहीण-भावाचा वाटा सारखा. धाकटा भाऊ वसंता याने हक्कसोडपत्र पाठवलं होतं. शिकागोच्या भारतीय वकिलातीत जाऊन तिने सही करायची आणि वडिलांच्या घरावरचा हक्क भावासाठी सोडून द्यायचा. आपल्याकडे हजारो बहिणी अशी सही करतात. त्या बदल्यात साडी-चोळी मिळते, आणि माहेर टिकतं. सही केली नाही तर वाटा मिळतो आणि माहेर तुटतं. हा व्यवहार कोणी मोठ्याने बोलत नाही, पण प्रत्येक बाईला तो पाठ असतो.

दर रविवारी सकाळी वसंताचा फोन यायचा. “ताई, पाठवलास का गं कागद?” ती म्हणायची, “बर्फ आहे बाप्पा.” मे महिना उजाडला, ट्युलिप फुलले, तरी फोनवर बर्फ होताच.

मला नवल वाटे. एकदा गाडीत मी विचारलं, “इंदूताई, सही करायची नसेल तर नाही म्हणून मोकळ्या का होत नाही?”

ती म्हणाली, “नलूताई, मी कोर्टात बायकांना सांगायची, सही करू नका. त्या रडायच्या. मला त्यांचाच राग यायचा. म्हणायची, वाटा मिळून राहिला तुम्हाला आणि तुम्ही रडता कायच्या? आता समजलं. त्या वाट्यासाठी नव्हत्या रडत. दारात गेलं तर कोणी ‘ये’ म्हणेल का, एवढ्यासाठी रडत होत्या.”

त्याच सुमारास एमिलीचे वडील, रॉबर्ट, जेवायला आले. मीही होते. इंदूताई त्यांना रॉबर्टराव म्हणायची आणि त्यांना ते एखाद्या पदवीसारखं आवडायचं. त्यांनी आपल्या घराण्याचा जाडजूड ग्रंथ बरोबर आणला होता. अमेरिका नावाचा देश नुकता जन्माला येत होता, त्या काळात त्यांच्या मूळ पुरुषाने पेनसिल्व्हेनियात एका ओढ्याकाठी पाणचक्की घातली. तिथपासून आजपर्यंतचे सगळे त्या ग्रंथात होते. उन्हाळ्यातल्या मेळाव्यात चर्चच्या आवारात त्या मूळ जोडप्याच्या नावाचा दगड बसवायचा होता. दगडावरचा मजकूर रॉबर्टनी कौतुकाने वाचून दाखवला. त्या पुरुषाचं पूर्ण नाव, त्याच्या बापाचं नाव, आजोबाचं गाव. खाली एक ओळ: ‘हॅना, त्यांची पत्नी’.

इंदूताईने विचारलं, “ही कुठली?”

रॉबर्ट हसले. “ती अनाथ होती. तरुणपणीच वारली, चार मुलं मागे ठेवून. आमच्याकडे म्हणतात, ती कुठूनच आलेली नव्हती.”

इंदूताई उठून उभी राहिली. निखिल घाईने म्हणाला, “आई, प्लीज. डिनर आहे, कोर्ट नाही.”

“अनाथालाही मायबाप असतात, रॉबर्टराव. मेलेले असतात, पण असतात. तुमची चार पोरं हिच्या पोटातून आली, आणि ही आभाळातून पडली?”

निखिलने त्याचं जमेल तितकं सौम्य भाषांतर केलं. एमिली मात्र सासूकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, “डॅड, शी हॅज अ पॉइंट. ती माझीही कोणीतरी लागते.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. वाचनालयात वंशावळी शोधणाऱ्यांसाठी एक खोली आहे. तिथे बसून जुन्या गावांची जन्म-लग्न-मृत्यूची नोंद संगणकावर पाहता येते. इंदूताई पडद्याला नाक लावून बसायची आणि मी तिने सांगितलेलं लिहून घ्यायची. चर्चच्या नोंदीत लग्न सापडेना. त्या वयाच्या हॅना सापडायच्या, पण कोणी आधीच मेलेली, कोणी दुसऱ्याच कोणाची बायको. आमच्या आजूबाजूला बसलेले म्हातारे आपापले सेनापती आणि सरदार शोधत होते. एकाने इंदूताईला गोडीने सांगितलं, “मॅडम, बायकांच्या बाजूला फारसं काही मिळत नाही. मी तर ते सोडूनच देतो.” ती जे बोलली ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. सुदैवाने ते नागपुरी होतं.

वसंत ऋतू गेला. एकेक परगणा आम्ही पालथा घातला. आधी डोंगरापलीकडचे, मग समुद्राकडचे, मग शेजारच्या राज्यातले. हाती काही लागेना. इंदूताईचा राग आता हॅनावरच निघू लागला. “बोल नं बाई! एकदा तरी तोंड उघड!”

चूक आमचीच होती, आणि ती फक्त आपल्याच लोकांच्या हातून होईल अशी होती. ती काढली एमिलीने. एका रविवारी इंदूताई पोळ्या लाटत होती, मी भाजत होते आणि एमिली नकाशावर आमच्या खुणा पाहत होती. ती म्हणाली, “आई, तुम्ही इतक्या लांब का शोधताय?”

“मुलगी देतात ती लांबच नं. गावातल्या गावात कोण देतं?”

“आमच्याकडे लांब कोण जाणार? रस्ते नव्हते, हिवाळा असा. कुंपणापलीकडच्या मुलाशी लग्न करायचे. माझ्या आजीनेसुद्धा शेजारच्या शेतातल्या मुलाशीच केलं. अख्ख्या घराण्यात लांबचा नवरा मीच केलाय.”

इंदूताईचं लाटणं थांबलं. तिने पिठाच्या हातानेच रॉबर्टचा ग्रंथ ओढला आणि पाणचक्कीचा नकाशा उघडला. ओढ्याच्या या बाजूला चक्की. त्या बाजूला शेत, आणि त्यावर नाव: बेल.

बेल हे नाव आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला रॉबर्ट बेल लोकांची गोष्ट सांगत. ओढ्याच्या पाण्यावरून मूळ पुरुषाशी भांडणारे, रात्रीतून बांध फोडणारे, कोर्टात खेचणारे दुष्ट शेजारी. ‘बेलसारखा वागू नकोस’ असं त्या घरात मुलांना अजून म्हणतात.

इंदूताई हळूच म्हणाली, “पाण्यावरून भांडण. बाजूचं शेत. आणि सुनेला माहेर नाही. नलूताई, पोळी जळून राहिली.”

त्यानंतर तिने चर्चच्या नोंदी बंद केल्या. मला म्हणाली, “आता जमिनीचे कागद पाहायचे. ज्या घरात लेकीचं नाव कुठ्ठे नसतं, तिथे ते एका ठिकाणी हमखास असतं. तिचा हक्क सोडवून घेतात तिथे. तेवढ्यापुरती तिची आठवण येते सगळ्यांना.”

तिथेच होती. म्हातारा आयझॅक बेल मेल्यावर शेत मुलांच्या नावे करायचं होतं, म्हणून लेकीची कबुली घेतली होती. ‘हॅना, मयत आयझॅक बेल याची मुलगी, हल्ली अमुकची बायको.’ तो अमुक म्हणजे रॉबर्टचा मूळ पुरुष. बापाच्या जमिनीवरचा सगळा हक्क तिने भावांना सोडला, आणि बदल्यात तिला एक गाय मिळाली. खाली तिची सही नव्हती, एक वेडीवाकडी फुली होती. आणि न्यायाधीशाचा शेरा होता की बाईला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारलं, तिच्यावर दबाव नाही.

मला वाटलं, इंदूताई आनंदाने ओरडेल. ती उभी राहिली. आवाज इतका चढला की खोलीतले सगळे सेनापतीवाले वळून बघू लागले.

“नवऱ्याला बाहेर काढलं! शाबास! आणि भावांना? भावांना कोणी बाहेर काढलं?”

मग ती खाली बसली आणि पडद्यावरच्या त्या फुलीवर बोट ठेवून राहिली. नेहमीसारखं म्हणाली, “ही बेलांची मुलगी, हे सिद्ध. हक्क सोडला, हे सिद्ध. आता माझं डोकं फिरलेलं ऐका. भावांना जमीन मिळाली. नवरा चिडला, बायकोबरोबर नुसती गाय आली म्हणून. पाण्यावरून खटला झाला, येणं-जाणं तुटलं. बापाचं घर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असेल हिला. धूर दिसत असेल त्यांच्या चुलीचा. आणि सासरच्यांनी पोरांना सांगितलं, तुमची माय अनाथ. हिने हक्क सोडला तो माहेर राहावं म्हणून. तेही नाही राहिलं.”

मी तिला तिथून उठवून गाडीत आणलं. घरापर्यंत ती कशावरच रागावली नाही. तिची चिंता वाटावी अशी ती एकच वेळ.

रॉबर्टला मात्र ते पचलं नाही. “बेल? आमच्या दगडावर? इंदू, लोक हसतील. दगडाचा मजकूर ठरलाय.” कागद त्यांनी वाचला, नाकारला नाही, पण ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणाले.

इंदूताई म्हणाली, “निखिल, यांना समजावून सांग. मी मुलाची आई आहे. आमच्याकडे लग्नात विहिणीचा मान असतो. मी घेतला होता का?”

निखिल कपाळाला हात लावून म्हणाला, “डॅड, आमच्याकडे ग्रूमच्या आईला रिस्पेक्ट म्हणून गिफ्ट्स वगैरे द्यायची पद्धत आहे. आईने तेव्हा काहीच घेतलं नव्हतं.”

“का नव्हतं घेतलं? कारण असले मानपान मला पटत नाहीत. अजूनही पटत नाहीत. पण आता मला हवा आहे. दगडावर हिच्या बापाचं नाव, हेच पाहिजे, दुसरं काही नको. नाही मिळालं तर मी रुसून बसेन, आणि रॉबर्टराव, मला रुसायचा काही अनुभव नाही. कुठे थांबायचं मला माहीत नाही.”

रॉबर्ट हसायला लागले. ती हसत नव्हती, हे पाहून थांबले. ऑगस्टच्या मेळाव्यात दगड बसला, त्यावर ‘हॅना, आयझॅक बेल यांची मुलगी’ असं लिहिलं होतं. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या चुलत्याने बेलच्या नावावर कुरकुर केली, तेव्हा रॉबर्टच त्याला म्हणाले, “सांभाळून बोल. तीही आपली आजी आहे.” इंदूताईने दगडावर एक फूलसुद्धा वाहिलं नाही. वाचलं, मान हलवली आणि सावलीत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे होते तेव्हा वसंताचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला. साक्षीदार हवा असेल बहुतेक.

“ताई, बिल्डर थांबला आहे गं. सहीच तर करायची आहे. तुला तिकडे काय कमी आहे?”

“कमी काही नाही.”

“मग? आणि हे बघ, हिने तुझ्यासाठी पैठणी आणून ठेवली आहे. मोरपंखी. तुला आवडते तशी.”

इंदूताई उभी राहिली.

“वसंता, अमेरिकेत माणसांना धड रस्ते नव्हते, तेव्हा भावांनी हॅनाला गाय दिली होती. तू साडीवर आलास?”

“कोण हॅना?”

“तुझी बहीण,” ती म्हणाली. “मी सही नाही करत.”

मग वसंता म्हणाला, “ताई, मग या घराशी तुझा संबंध संपला असं समज.” आणि फोन ठेवला. इंदूताई टेबलाला धरून उभीच राहिली. मी चहा केला, तो तिने घेतला नाही.

ही बातमी आमच्या मंडळात पोचायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, “या वयात भावाशी वाटणीसाठी भांडायचं म्हणजे शोभतं का? मुलगा अमेरिकेत कमावतोय एवढा.” मला त्यांचा आलेला राग अजून उतरलेला नाही. यांतल्या बहुतेकींनी स्वतः सह्या करून दिलेल्या आहेत. त्यांच्या कपाटांत त्या साड्या आहेत. एकीनेही विचारलं नाही की वसंताला भांडण शोभतं का. आज पत्रकात तिला ‘सोशिक’ म्हणणारे हेच लोक. ती जिवंत असताना त्यांना ती सोसवली नाही, म्हणून मेल्यावर सोशिक करून टाकली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ती मला म्हणाली, “विमानतळावर सोडाल? निखिल सोडतो म्हणून राहिला, पण तो वाटेत समजूत घालेल.”

“कुठे निघालात?”

“माहेरी. भाऊबीज आहे.”

“वसंताने बोलावलं?”

“नाही. बोलावलं असतं तर पाहुणी म्हणून गेली असती. आता माझ्या घरी चालली आहे. मागच्या खोलीत राहीन. कुलूप असलं तर कुलूपवाला बोलवीन. ओवाळायला ताट घेऊन बसेन, तो आला तर आला.”

मी म्हटलं, “आणि कोणी ‘ये’ म्हटलं नाही तर?”

“तर नाही म्हटलं.” तिने पर्सची चेन लावली. “रडू येईल, नलूताई. ते सिद्ध आहे. पण आत बसून रडीन.”

ओहेअरवर निखिलने तिच्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची घेऊन आलेली बाई ‘बसा मॅम, बसा मॅम’ म्हणत होती. इंदूताईने तिचे आभार मानले, खुर्चीत आपली बॅग ठेवली आणि स्वतःच ती ढकलत निघाली. ती बाई मागून रिकाम्या हातांनी येत होती. मी दोरीच्या अलीकडे उभी होते. तपासणीची रांग लांबलचक होती, आणि मध्येच एक उंच माणूस फोनवर बोलत वाट अडवून उभा होता. इंदूताई त्याच्यामागे थांबली, त्याच्या पाठीकडे मान वर करून पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. काय ते मला ऐकू आलं नाही. त्याने वळून खाली पाहिलं, फोन कानावरून काढला आणि बाजूला झाला.